निर्दोष सुटलात; वकिलाच्या फीचं काय?

सुटकेचा निकाल लागला की घरात पहिला प्रश्न हाच निघतो: इतक्या वर्षांच्या तारखा, वकिलाची फी, बुडालेला रोज, हे कोण भरून देणार? कायद्याची गंमत बघा. अदखलपात्र गुन्ह्याच्या (ज्यात पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येत नाही) तक्रारीत आरोपी दोषी ठरला, तर फिर्यादीचा खर्च त्याच्याकडून वसूल करायला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम ४०० आहे. सुटलेल्याचा खर्च देणारं तसं सरसकट कलम मात्र नाही. उरतात त्या आडवाटा.

सगळ्यात स्वस्त वाट याच संहितेच्या कलम २७३ ची (जुन्या संहितेत २५०). आरोपाला काही आधारच नव्हता असं मॅजिस्ट्रेटला वाटलं, तर सुटकेच्या आदेशातच तो फिर्यादीला जाब विचारतो आणि मग भरपाई ठरवतो. वेगळा दावा नको, कोर्ट फी नको. पण रक्कम त्याच्या दंडाच्या अधिकाराएवढीच: प्रथमवर्ग मॅजिस्ट्रेटला ५० हजार, जुन्या संहितेखाली चाललेल्या खटल्यात १० हजार. सत्र न्यायालयाच्या खटल्यांना ही वाट बंद. आणि निकालानंतर आठवून उपयोग नाही, म्हणून युक्तिवादातच मागणी करायला वकिलाला सांगून ठेवा. सुटण्याच्या घाईत नेमकं हेच राहून जातं.

खोडसाळ फिर्यादीबद्दल दिवाणी दावा लावला तर रकमेला अशी मर्यादा नाही. मात्र फिर्याद करायला सबळ कारण नव्हतं आणि ती करणाऱ्याच्या मनात आकस होता, हे दोन्ही तुम्हीच सिद्ध करायचं. ‘संशयाचा फायदा’ देऊन सुटला असाल तर हे फार जड जातं. मुदत सुटकेपासून फक्त एक वर्ष. कलम २७३ खाली मिळालेले पैसे या दाव्यात हिशेबात धरले जातात.

रिटचा, म्हणजे मूलभूत हक्कांसाठी थेट उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयात करायच्या अर्जाचा, विचार पोलिसांनी किंवा सरकारनेच मूलभूत हक्क तुडवला असेल तरच करावा. इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना हेरगिरीच्या खोट्या आरोपाखाली १९९४ मध्ये अटक झाली, सर्वोच्च न्यायालयाने ५० लाख दिले ते २०१८ मध्ये. बिहारचे रुदुल साह सुटकेच्या निकालानंतरही १४ वर्षं तुरुंगात होते. १९८३ मध्ये त्यांना मिळाले ३५ हजार.

बांधाच्या भांडणातून भाऊबंदाने फिर्याद केली असेल, तर मी २७३ वर थांबेन. दावा म्हणजे पुन्हा तेच कोर्ट, पुन्हा तारखा, आणि समोर तोच चुलतभाऊ. फिर्यादी पैसेवाला असेल आणि त्याचा आकस कागदावर दिसत असेल, तर मात्र दाव्यासाठी निकालाची नक्कल लगेच काढा.