टर्नटेबल घेताना: बेल्ट, डायरेक्ट ड्राइव्ह आणि पट्टीचा प्रश्न

घरात रेकॉर्डचा गठ्ठा आहे, त्या ऐकायच्याही आहेत आणि कॉम्प्युटरवर उतरवूनही ठेवायच्या आहेत, तर आज साधारण चार पर्याय समोर येतात. ऑडिओ-टेक्निकाचं एटी-एलपी60एक्स यूएसबी किंवा सोनीचं पीएस-एलएक्स310बीटी यांच्यासारखं बटण दाबलं की स्वतः वाजणारं ऑटोमॅटिक मशीन. रेगा प्लॅनर 1 किंवा प्रो-जेक्टच्या घराण्यातलं साधं, हाताने चालवायचं बेल्टचं मशीन, ज्यात मोटर रबरी पट्ट्याने प्लॅटर, म्हणजे रेकॉर्डखालची चकती, फिरवते. एटी-एलपी120एक्स यूएसबीसारखं डायरेक्ट ड्राइव्ह, म्हणजे पट्ट्याशिवाय मोटर थेट प्लॅटर फिरवते असं, आणि खिसा मोकळा असेल तर त्याच जातीतलं टेक्निक्स एसएल-1200. चौथा पर्याय म्हणजे चोर बाजारात किंवा ओळखीतून मिळालेलं जुनं गॅरार्ड नाहीतर लेन्को.

सुटकेसमध्ये बसणारी रंगीबेरंगी मशीनं मी यात धरलेली नाहीत. सिरॅमिक कार्ट्रिज (सुई बसवलेला, तिची थरथर विजेत बदलणारा भाग) आणि सुईचा जड दाब, हे दोन्ही आजोबांच्या एकुलत्या एक रेकॉर्डवर करून बघण्यासारखे प्रयोग नव्हेत.

आवाजाचं आधी उरकून टाकतो, कारण त्यावर वाद घालायला लोकांना आवडतं आणि मला फारसा आवडत नाही. नुसतं डोळे मिटून ऐकायचं असेल तर माझ्या कानाला प्लॅनर 1च्या वर्गातलं मशीन सगळ्यांत गोड वाटलं. सारंगी आणि व्हायोलिनला एक मोकळेपणा येतो. तबल्याच्या बायाँची घुमक डायरेक्ट ड्राइव्हवर जरा जास्त ठाम वाटली, पण तो कार्ट्रिजचा फरक असू शकेल, स्पीकरचाही असू शकेल. मी काही मोजमाप केलेलं नाही. ऑटोमॅटिक मशीन या दोघांच्या मागे आहे, पण लोक सांगतात तेवढं मागे नाही. एलपी60मध्ये कार्ट्रिज बदलता येत नाही, फक्त सुई बदलता येते. सुईचा दाबही कमीजास्त करता येत नाही. भावगीतांच्या एलपी आणि ईपी ऐकणाऱ्याला या दोन्ही गोष्टी कधी आड येणार नाहीत.

माझी निवड आवाजावरून झाली नाही. ती झाली गाण्याच्या पट्टीवरून.

आमच्याकडे पेटी आहे आणि ती रोज उघडते. रेकॉर्ड उतरवण्यामागे निम्मा हेतू हा, की गाणं लावून त्याच्याबरोबर बसता यावं. आधीचं मशीन बेल्टचं होतं, आवाजाला चांगलं होतं, आणि त्याचा वेग जरासा जास्त होता. नुसतं ऐकताना हे कुणाच्या लक्षात येत नाही. पेटी उघडली की मात्र गाणं काळी एकमध्येही नाही आणि पांढरी दोनमध्येही नाही, असं मधेच कुठेतरी लोंबकळत राहतं. वेगात एक टक्का वाढ झाली की सूर साधारण 17 सेंटने चढतो. पेटीवरच्या शेजारच्या दोन पट्ट्यांत अंतर 100 सेंटचं. म्हणजे 17 सेंट ही काही मोठी चूक नाही, पण तानपुरा चालू असताना ती दातात अडकलेल्या बडीशेपेसारखी जाणवत राहते. आणि या वर्गातल्या बहुतेक मशीनांवर त्याला उपाय नसतो. मिनिटाला 33 फेरे (एलपी) किंवा 45 फेरे (ईपी), एवढाच पर्याय. काहींवर तर तेवढ्यासाठीही प्लॅटर उचलून बेल्ट पुलीच्या दुसऱ्या खाचेत सरकवावा लागतो. प्लॅनर 1वर तसंच आहे. एलपी आणि ईपी आलटून पालटून लावणाऱ्याने हे एकदा दुकानात करून बघावं.

वेग बरोबर आहे की नाही हे घरच्या घरी बघता येतं. स्ट्रोबची छापील चकती प्लॅटरवर ठेवायची आणि वर जुन्या चोकची ट्यूबलाइट लावायची. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून ट्यूब सेकंदाला 100 वेळा लुकलुकते, आणि 33⅓च्या वेगाला 180 रेघांचं वर्तुळ जागच्या जागी उभं राहिल्यासारखं दिसतं. रेघा फिरण्याच्या दिशेने सरकायला लागल्या तर मशीन पळतंय, उलट सरकल्या तर रेंगाळतंय. हल्लीच्या चांगल्या एलईडी दिव्याखाली हा खेळ जमत नाही, कारण तो लुकलुकत नाही. आमच्याकडे स्वयंपाकघरातली ट्यूब तेवढी जुनी उरली होती, त्यामुळे टर्नटेबल ओट्यावर गेलं आणि थोडी बोलणीही बसली.

डायरेक्ट ड्राइव्हचं वेगळेपण इथे कामाला येतं. एलपी120एक्सवर क्वार्ट्झचं बटण आहे. ते दाबलं की वेग नेमका लॉक होतो. ते काढलं की बाजूचा स्लाइडर हातात येतो, 8 टक्के खालीवर किंवा 16 टक्के खालीवर. हा स्लाइडर मुळात डीजे लोकांसाठी. टेक्निक्सने 1972 साली एसएल-1200 काढलं आणि पुढे क्लबवाल्यांनी ते आपलंसं केलं, तिथून ही सोय सगळीकडे पसरली. आपल्याला त्याच्याशी देणंघेणं नाही. आपण तानपुऱ्याचं ॲप काळी एकवर लावायचं, रेकॉर्डवरचा षड्ज सुरू झाला की स्लाइडरला अंगठा लावायचा आणि हळू सरकवत जायचं. दोन ‘सा’ जवळ आले की त्यांच्यात एक थरथर ऐकू येते, ती मंदावत जाते, आणि मग एका जागी अगदी थांबते. अंगठा काढून घ्यायचा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

यावर कुणी म्हणेल, कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी या ध्वनी संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये वेग बदलता येतो की. येतो, आणि चांगला येतो. मशीन कायम ठरावीकच टक्क्याने पळत असेल तर एकदा आकडा शोधायचा आणि प्रत्येक फाइलला तो लावायचा. ज्यांच्याकडे फक्त एलपी आहेत आणि ज्यांना बसून हे करायला आवडतं, त्यांनी स्लाइडरसाठी जास्तीचे पैसे घालू नयेत, असं मी प्रामाणिकपणे म्हणेन. मला ते जमलं नाही, कारण तिथे आकडा टाका, ऐका, परत मागे जा, पुन्हा आकडा टाका, असं चालतं. आणि उतरवायचं नसतं, नुसतं रेकॉर्ड लावून पेटी घेऊन बसायचं असतं, तेव्हा सॉफ्टवेअर मधे कुठेच नसतं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. रेकॉर्ड पेटीच्या पट्टीत बसत नाही म्हणजे मशीनच चुकलं, असं नाही. गवयाने त्या दिवशी तानपुरा कुठे लावला, साथीची पेटी कुठल्या सुरात होती, हे आपल्याला ठाऊक नसतं. म्हणून जपून ठेवायची प्रत मी क्वार्ट्झ लॉक करून, 33⅓लाच उतरवतो आणि तिला हात लावत नाही. रियाजाची प्रत वेगळी, ती पट्टीत आणलेली.

78च्या तबकड्या असतील तर मात्र माझा तराजू सरळ डायरेक्ट ड्राइव्हकडे झुकतो. ऑटोमॅटिक मशीनांत बहुधा 78 नसतंच, साध्या बेल्टवाल्यांतही ते काही मॉडेलांतच मिळतं. आपल्याकडे या तबकड्या बऱ्याच उशिरापर्यंत निघत होत्या, बीटल्सच्या गाण्यांच्यासुद्धा निघाल्या. त्यामुळे मराठी घरांत नाट्यसंगीताच्या दोन-चार तरी सापडतातच. आता 78 हा आकडा पुढे स्थिर झाला. 1925च्या सुमारास विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं, त्याआधीच्या भोंग्यासमोर गायलेल्या तबकड्यांचा वेग कंपनीगणिक आणि कधी सत्रागणिक वेगळा असायचा. बालगंधर्वांच्या सुरुवातीच्या तबकड्या याच काळातल्या. 78 धरून लावल्या तर आवाज कधी कोवळा, कधी घाईत असल्यासारखा येतो आणि ऐकणारा म्हणतो, तेव्हा असंच गात असतील. 16 टक्क्यांच्या स्लाइडरने 65पासून 90पर्यंत कुठेही जाता येतं, म्हणजे त्यातल्या बहुतेक आवाक्यात येतात. मग पुन्हा कानाचं काम. गायकाची पट्टी जाणत्या माणसाला विचारावी, पेटीचा आवाज पेटीसारखा वाटतो का ते बघावं.

78 नसलेल्या मशीनवर तबकडी 45ला वाजवून नंतर कॉम्प्युटरवर वेग वाढवायचा, अशीही युक्ती सांगितली जाते. अडीनडीला ठीक. पण फोनो प्रीअँप (सुईकडून येणारा क्षीण आवाज वाढवणारा भाग) आरआयएएच्या, म्हणजे रेकॉर्डसाठी ठरलेल्या प्रमाणित, वळणाने खर्ज उचलतो आणि तार सप्तकाकडचा भाग दाबतो, तो 45च्या वेगाला. नंतर वेग वाढवला की ते सगळं चुकीच्या जागी सरकतं आणि निस्तरत बसावं लागतं. त्यात आरआयएएचं वळण 1954चं, जुन्या तबकड्या मुळात त्या वळणाने कापलेल्याच नाहीत. एका चुकीवर दुसरी कशाला चढवा?

सुईही वेगळी लागते. 78ची खाच रुंद. एलपीची सुई तिच्या तळाशी लोळत जाते आणि खरखर तेवढी गोळा करते. एलपी120एक्सवर व्हीएम95 कार्ट्रिज येतं आणि त्याच घराण्यात 78ची सुई मिळते, ती पुढून नुसती काढून घालायची. दुसरी हेडशेल (कार्ट्रिज बसवायचं, दांडीच्या टोकाचं सुटं टोपण) ठेवली तर आणखी सोपं. सुईचा दाब तेवढा आठवणीने बदलावा. अशी तबकडी उतरवल्यावर दोन्ही चॅनल एकत्र करून मोनो करावी, निम्मी घरघर तिथेच जाते. आणि या तबकड्या लाखेच्या असतात, त्या स्पिरिटने पुसू नयेत. लाख स्पिरिटमध्ये विरघळते.

जुन्या लेन्कोबद्दल मला मनापासून जिव्हाळा आहे. एल75मध्ये वेग सलग बदलता येतो, तोही कुठल्या इलेक्ट्रॉनिक्सशिवाय, चाकाची जागा सरकवून. म्हणजे माझ्या प्रश्नाचं उत्तर त्या स्विस मंडळींनी कधीच देऊन ठेवलं होतं. पण टोनआर्मच्या, म्हणजे सुईच्या दांडीच्या, टेकूचं रबर आजवर कुजलेलं असतं, ते बदलणारा माणूस शोधावा लागतो, आणि तो सापडला तरी त्याच्याकडे आधीच दहा मशीनं उघडून पडलेली असतात. ज्याला खटपट हाच छंद आहे, त्याने जरूर घ्यावं. गठ्ठा उतरवून मोकळं व्हायचं असेल त्याने लांब राहावं.

यूएसबीवर फार विचार करू नका. एलपी120एक्समधून 16 बिटमध्येच आवाज बाहेर येतो, पातळी बदलायचं बटण नाही. सुरुवातीला मी तोच वापरला आणि जुन्या भारतीय रेकॉर्डची पृष्ठभागाची खरखर बघता 16 बिट कमी पडले असं मला कधी वाटलं नाही. पुढे बाहेरचा इंटरफेस (आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारी वेगळी डबी) घेतला, तो 24 बिटसाठी. फायदा इतकाच की पातळी खाली ठेवता येते, एखादी तान किंवा तबल्याची थाप वर जाऊन फाटत नाही. 16 बिट, 44.1 किलोहर्ट्झला मिनिटाला साधारण 10 एमबी जातात. 24 बिट, 96 किलोहर्ट्झला साधारण सव्वातीनपट. जागा स्वस्त आहे. घूं असा आवाज येत असेल तर महागडी केबल घेण्याआधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. माझ्याकडे तो तिथूनच येत होता.

एका गोष्टीला यातलं कुठलंही मशीन पुरं पडत नाही. भोक मध्यापासून सरकलेलं असलं तर लांब धरलेला षड्ज दर 1.8 सेकंदाला डुलतो. टोनआर्म तालात डावी-उजवीकडे झुलताना दिसला की समजावं, दोष रेकॉर्डचा आहे. अशी रेकॉर्ड दाखवून दुकानदाराशी भांडू नये.

तर माझा कल कुठे आहे हे कळलंच असेल. तरी घरात पेटी-तानपुरा नाही, 78 नाहीत, आणि रेकॉर्ड लावणारी व्यक्ती सत्तरीची आहे, सुई हाताने ठेवताना बोटं थरथरतात, तर निमूट ऑटोमॅटिक घ्यावं. मी आमच्या मावशीला तेच घ्यायला सांगितलं आणि ती खूश आहे. फक्त घेताना एक बघा: ख्यालाची लांब बाजू, लेबलाच्या अगदी जवळपर्यंत कापलेली, शेवटपर्यंत वाजते का. काही ऑटोमॅटिक मशीनांत दांडी ठरलेल्या जागी पोचली की उचलली जाते, मग द्रुत संपलेली असो वा नसो. दुकानात जाताना तशी एक रेकॉर्ड बरोबर न्यावी.