दात पांढरे करायचं जेल: नऊ महिन्यांनंतर काय उरतं

प्रकार: डॉक्टरांनी दातांचं माप घेऊन बनवलेला मऊ पारदर्शक ट्रे आणि १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं जेल, ३ मिलीच्या सिरिंजमध्ये. सलग १४ रात्री, मग सहाव्या महिन्यात फक्त दोन रात्री.

१० टक्के हा आकडा वाटतो तेवढा तिखट नाही. त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं ते साधारण ३.५ टक्के, बाकी युरिया. निम्मा जोर पहिल्या दोन तासांतच संपतो, त्यामुळे रात्रभर ट्रे सोसत नसेल तर दोन तासांनी काढावा.

गडबड होते ती मापात. समोरच्या सहा-आठ दातांच्या खोबणीत, पुढच्या बाजूला, मसुराच्या डाळीएवढा एकेक ठिपका पुरतो. ट्रे दाबल्यावर कडेने जेल वर आलं तर लगेच कोरड्या ब्रशने पुसायचं. नाही पुसलं तर सकाळी हिरडीची कड पांढरीफटक दिसते आणि पानात चुना जास्त झाल्यासारखी पोळते. दोन-तीन दिवसांत भरून येते. रोज त्याच जागी पोळत असेल तर ट्रेची कड हिरडीवर चढलेली असते. ती कापून घ्यावी. ट्रे धुवायचा गार पाण्यानेच. गरम पाण्याने वाकला की जेल गळणारच.

दात आंबतात, बहुतेकांचे पहिल्याच आठवड्यात. पेरॉक्साइड एनॅमल, म्हणजे दाताचा वरचा कडक थर, ओलांडून काही मिनिटांत आतल्या नसेपर्यंत पोचतं; मग माठातल्या पाण्यानेही कळ येते. अशा वेळी एक रात्र सोडायची आणि ट्रेमध्ये जेलऐवजी ५ टक्के पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट १५-२० मिनिटं ठेवायची. जेल थांबवल्यावर हा त्रास काही दिवसांत जातो. एकाच दातात आपोआप ठणका लागला तर मात्र कीड किंवा चीर शोधावी. सुरू करण्याआधी कीड बुजवायची ती यासाठीच.

आता लांबचं. पहिल्या सकाळच्या झगझगीत पांढरेपणातला बराच भाग दात सुकल्यामुळे असतो. ट्रेखाली दाताचं पाणी जातं, ते परत भरलं की रंग खाली येतो. खरी छटा दोन आठवड्यांनी कळते. लोक नेमके या दिवसांत ‘उतरलं’ म्हणून आणखी सिरिंजा आणतात. अति झालं की दातांच्या कडा काचेसारख्या निळसर दिसू लागतात आणि आंबणं पाठ सोडत नाही.

कॅप आणि दात बुजवलेल्या सिमेंटचा रंग बदलत नाही. शेजारचा दात उजळला की जुनं सिमेंट पिवळं उठून दिसतं. ते बदलायचं तर शेवटच्या रात्रीनंतर किमान दोन आठवडे थांबावं. दातात अडकलेला ऑक्सिजन नव्या सिमेंटला नीट घट्ट होऊ देत नाही. हिरडी खाली सरकून उघडं पडलेलं मूळही पांढरं होत नाही, उलट फरक जास्त जाणवतो.

यवतमाळ-चंद्रपूरकडे फ्लोराइडच्या पाण्याने दातांवर ठिपके येतात. त्यातले तपकिरी फिकटतात, पण पांढरे आधी जास्तच ठळक होतात. हे आधीच माहीत असलेलं बरं. मिश्रीचा थर जेलने निघत नाही, तो डॉक्टरांकडून खरवडून घ्यावा. लिंबू-सोडा आणि कोळशाची पूड यांना तर शून्य गुण: ती एनॅमलच झिजवतात आणि आतला पिवळा थर वर येतो.

दातांवर चिकटवायच्या, घरी मागवून वापरायच्या पांढरं करणाऱ्या पट्ट्यांबद्दल एवढंच की युरोपात २०१२ पासून ०.१ टक्क्याहून जास्त पेरॉक्साइडचं उत्पादन थेट ग्राहकाला विकायला बंदी आहे आणि १८ वर्षांखालच्यांना ते वापरायला देतच नाहीत. इथे मात्र पाकिटावर टक्केवारी सापडली तर नशीब.

चहा दिवसातून तीन-चार वेळा असूनही सहाव्या महिन्यात दोन रात्री पुरल्या. उरलेली सिरिंज फ्रिजमध्ये ठेवावी, दारात नाही, आतल्या कप्प्यात. तारीख उलटली की जोर उतरतो आणि ट्रे रात्रभर घालूनही दात जिथल्या तिथे राहतात.