बदलीवर आलेला फौजदार: 'बॅटमन: इयर वन'चे चार अंक

४ जानेवारीला गॉथम शहरात दोन माणसे येतात. रेल्वेच्या डब्यात बसलेला चष्मेवाला, मिशीवाला माणूस म्हणजे बदली होऊन आलेला पोलीस लेफ्टनंट जेम्स गॉर्डन, आपल्याकडे ज्याला फौजदार म्हणता येईल असा. दुसरा विमानात आहे, बारा वर्षांनी घरी परतणारा पंचवीस वर्षांचा श्रीमंत तरुण ब्रूस वेन, जो पुढे बॅटमन होणार आहे. रेल्वेच्या खिडकीतून शहराची सगळी घाण दिसते म्हणून गॉर्डन खंतावतो आणि विमानातून नुसत्या स्वच्छ इमारती दिसतात, शत्रू दिसत नाही, म्हणून रेल्वेने यायला हवे होते असे ब्रूसला वाटते. पहिल्याच पानावर दोन्ही माणसे कळतात, शहरही कळते, आणि तोपर्यंत मुखवटा, झगा, मारामारी यांतले काहीही आलेले नसते.

फ्रँक मिलर यांनी लिहिलेली आणि डेव्हिड मॅझुकेली यांनी चितारलेली ही कथा 'बॅटमन' या अमेरिकन कॉमिक मासिकाच्या ४०४ ते ४०७ या चार अंकांत, फेब्रुवारी ते मे १९८७ या महिन्यांत प्रसिद्ध झाली. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात एका खेड्याच्या शाळेत चित्रकला शिकवतो आणि या उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारच्या वेळी कूलरसमोर बसून हे चारही अंक एकत्र छापलेल्या पुस्तकातून तीनदा वाचले. लहानपणी आमच्या गावातल्या पानठेल्यावर सुतळीला लटकवलेली हिंदी कॉमिक्स भाड्याने मिळत. वाचनाची गोडी मला तिथे लागली आणि हात चित्राकडे वळला तोही तिथेच. राज कॉमिक्सचा सुपर कमांडो ध्रुव हा आमचा सर्वांत लाडका नायक होता, कारण त्याच्याकडे कोणतीही दैवी शक्ती नव्हती. सर्कशीत वाढलेला हा मुलगा डोके आणि अंगमेहनत यांच्या बळावर लढायचा. अनुपम सिन्हा यांनी लिहिलेला आणि स्वतःच चितारलेला ध्रुवही १९८७ सालीच अवतरला, हे आता कळल्यावर मला फार आनंद झाला. शक्ती नसलेला नायक उभा करायचा तर त्याचे शरीर चित्रात खरे वाटावे लागते, त्याला लागले तर वाचकाला लागले पाहिजे. ही कसोटी मी तेव्हापासून वापरत आलो आहे आणि इथेही तीच लावली.

'इयर वन' ही नावाने बॅटमनची कथा असली तरी ती गॉर्डनची आहे, असे माझे ठाम मत आहे. नव्या गावी बदली, घरी गरोदर बायको, ठाण्यात वरपासून खालपर्यंत मुरलेला भ्रष्टाचार, आणि 'इथे असेच चालते' हे पहिल्याच दिवशी हसत हसत सांगणारा फ्लास नावाचा सहकारी. विदर्भातल्या ज्या घरात शिक्षक, तलाठी, पोलीस किंवा वनरक्षक आहे, त्या घराला बदली या शब्दाचे वजन समजावून सांगावे लागत नाही. सरळ वागणाऱ्याला लांबच्या ठिकाणी टाकण्याची धमकी कशी दिली जाते आणि त्या धमकीने घरातल्या माणसांच्या जेवणावरही कसा परिणाम होतो, हे आपण पाहिलेले असते. मिलर यांनी ही गोष्ट न रडता, न भाषण देता लिहिली आहे. गॉर्डन पाकीट घेत नाही, म्हणून त्याचेच सहकारी तोंडे झाकून पार्किंगमध्ये त्याला बॅटने झोडपतात. पुढे गॉर्डन फ्लासला रात्री बर्फात एकटा गाठतो, त्याच्याकडे एक बॅट फेकतो आणि मग त्याला धूळ चारतो. या प्रसंगात त्याला आनंद होत नाही; आपल्याला या शहरात टिकायचे असेल तर असे वागावे लागणार, ही जाणीव त्याच्या चेहऱ्यावर आहे, आणि ती शब्दांच्या आधी रेषेत आली आहे.

मॅझुकेली यांनी पेन्सिल आणि शाई दोन्ही कामे स्वतः केली आहेत, आणि त्याचा फायदा पानापानावर दिसतो. सुपरहिरो कॉमिक्समध्ये बहुधा एक जण पेन्सिलने चित्र काढतो, दुसरा त्यावर शाई फिरवतो, आणि या दोन हातांमध्ये रेषेचा जीव जातो असे अनेकदा वाटते. इथे ब्रशची जाड काळी रेषा एका दमात ओढलेली आहे. गॉर्डनचा चष्मा म्हणजे कित्येक चौकटींत फक्त दोन पांढरी वर्तुळे. डोळे दाखवलेलेच नाहीत, तरी तो थकला आहे की रागावला आहे हे खांद्याच्या उतारावरून आणि कोटाच्या दोन-तीन चुण्यांवरून लगेच कळते. स्नायूंवर स्नायू रचलेली, सगळे नसजाळे मोजता येईल अशी शरीरे काढण्याची जी पद्धत या प्रकारात बोकाळली आहे, तिच्यापुढे हे चित्र पाहताना मला आमच्या एलिमेंटरी परीक्षेच्या स्थिरचित्रणाची आठवण झाली. मुले मडक्यावरची प्रत्येक रेघ काढतात आणि मडक्याची सावली काढायची विसरतात. मॅझुकेली सावली आधी काढतात. अंधाऱ्या गल्लीत उभा असलेला माणूस ते बाह्यरेषेने बांधत नाहीत, काळ्या शाईच्या डागात नुसता हात आणि गालाची कड उजळ सोडतात आणि माणूस उभा राहतो.

रंगांचे काम रिचमंड लुइस यांचे आहे आणि एकत्रित पुस्तकासाठी त्यांनी ते पुन्हा नव्याने केले. मातकट तपकिरी, विटका पिवळा, राखाडी निळा असा हा सगळा कारभार आहे. आपल्याकडे मार्चअखेरीस पऱ्हाटी उपटलेल्या वावरात संध्याकाळी जो रंग उतरतो, त्याच जातीचे हे रंग आहेत. भडक लाल फार थोड्या ठिकाणी आहे, त्यामुळे तो जिथे येतो तिथे नजर थबकते. काही वर्षांपूर्वी मी २००४ सालचे 'स्पायडर-मॅन इंडिया' वाचले होते. खेड्यातून शिष्यवृत्तीवर मुंबईला आलेला पवित्र प्रभाकर हा त्याचा नायक, आणि त्या कल्पनेमुळे मी मोठ्या आशेने वाचायला बसलो होतो. जीवन कांग यांच्या चित्रांत मेहनत आहे, पण माझ्या मते चकचकीत रंगांनी तिथे रेषा बुडाली आणि कथा मूळ अमेरिकन कथेची नावे बदलून पुढे सरकत राहिली. खेड्यातून आलेल्या मुलाला शहर कसे दिसते, हे मला तिथे सापडले नाही. परक्या देशातल्या गॉर्डनच्या रेल्वेच्या खिडकीत मात्र ते सापडले.

पहिल्या अंकाचा शेवट सर्वांना माहीत असलेला आहे, पण तो किती संयमाने रचला आहे ते सांगितले पाहिजे. पहिल्याच रात्री वेष बदलून शहरात उतरलेला ब्रूस मार खाऊन, सुरी आणि गोळी लागून, रक्तबंबाळ होऊन घरी येतो आणि वडिलांच्या अर्धपुतळ्यासमोर अंधारात बसतो. हाताशी एक घंटी आहे. ती वाजवली तर घरचा नोकर आल्फ्रेड धावत येईल आणि रक्त थांबवील. नाही वाजवली तर तो तिथेच संपेल. खिडकीची काच फोडून वटवाघूळ आत येते आणि त्या पुतळ्यावर बसते. मगच तो वटवाघळाचे रूप घ्यायचे ठरवतो. सूड, प्रतिज्ञा, आईवडिलांचा खून या सगळ्यापेक्षा त्या लहानशा घंटीने मला अधिक खिळवून ठेवले, कारण मरण आणि मदत यांच्यात फक्त हात हलवण्याइतके अंतर आहे आणि चित्रकाराने ते अंतर मोजून दाखवले आहे.

दुसऱ्या अंकात शहर लुटणाऱ्या बड्यांच्या जेवणावळीत बॅटमन भिंत फोडून शिरतो आणि तुमची मेजवानी संपत आली असे बजावतो. हा प्रसंग टाळ्या घेणारा आहे आणि तो तसाच रंगला आहे. तिसऱ्या अंकाविषयी मात्र मला थांबून बोलायचे आहे. बॅटमन एका पडक्या इमारतीत अडकतो, पोलीस इमारतीवर तुटून पडतात, आणि पुढची बरीच पाने आग, धूर, विटा आणि एका मांजराच्या आधाराने पुढे जातात. पाय कुठे पडला, गोळी कुठून आली, जिना कोणत्या बाजूला आहे, हे कुठेही चुकत नाही. मारामारीच्या चित्रांत जागेचे भान राखणे सर्वांत अवघड असते आणि बहुतेक अंक तिथेच गचके खातात.

त्या अंकातच ते पान आहे, ज्यासाठी मी हे पुस्तक जपून ठेवणार आहे. रात्र आहे, गॉर्डनची बायको झोपली आहे आणि तो पलंगाच्या कडेला पिस्तूल हातात घेऊन बसला आहे. ज्याला पकडायचे काम आपल्याकडे आहे त्याने एका म्हातारीला वाचवले, मांजराला वाचवले, पळून जाताना नेलेल्या कपड्यांचे पैसेसुद्धा चुकते केले. आणि आपले साहेबच पोलिसांना मारेकऱ्यांसारखे वापरतात, हे त्याच्या मनात चालले आहे. चित्रात हालचाल काहीच नाही. पाठ वाकलेली, मान खाली, हातातले लोखंड जड झालेले. वर्दीतल्या माणसाच्या मनातला एवढा प्रामाणिक पेच मी सुपरहिरोच्या कोणत्याही दुसऱ्या अंकात पाहिलेला नाही.

दोषही आहेत आणि ते लहान नाहीत. चौथा अंक घाईत उरकला आहे. न्यायालय, धमक्या, अपहरण आणि पुलावरचा शेवटचा प्रसंग हे सगळे एका अंकात कोंबल्यामुळे जिथे आणखी दहा पाने हवी होती तिथे दोन मिळाली. पुढे कॅटवुमन होणारी सेलिना काइल हिला देहविक्रय करणारी स्त्री म्हणून आणले आहे, आणि तिने अचानक मांजरीचा पोशाख का चढवला याचे पुरेसे कारण कथेत नाही. ती मूळ गोष्टीला शिवलेली न वाटता बाजूला ठेवलेली वाटते. गॉर्डनची बायको बार्बरा बहुतेक वेळ वाट पाहते किंवा झोपलेली असते. ज्या लेखकाने गॉर्डनच्या मनाचा इतका खोल ठाव घेतला, त्याने तिच्या मनात एकदा तरी डोकवायला हवे होते. गॉर्डन सहकारी सारा एसेनमध्ये गुंततो तो भाग मात्र सुटा वाटत नाही, कारण त्याची चूक झाकलेली नाही आणि ती बायकोला तो स्वतःच सांगतो.

घेणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. मी ऑनलाइन मागवलेली प्रत गावापर्यंत पोहोचलीच नाही. तालुक्याला जाऊन आणावी लागली आणि पातळ पिशवीत गुंडाळल्यामुळे दोन कोपरे दुमडलेले निघाले. नागपूरला जाणे होत असेल तर दुकानात प्रत हाताळून घ्यावी, विशेषतः काळ्या शाईची छपाई दाट आहे ना हे पाहून, कारण काळा फिका पडला तर या चित्रांचा कणाच मोडतो. टॉड क्लाइन यांनी गॉर्डन आणि ब्रूस यांच्या मनातल्या बोलण्याला वेगवेगळे हस्ताक्षर दिले आहे. कल्पना सुंदर आहे, पण छापील इंग्रजीचीच सवय असलेल्या आमच्या मुलांना जोडून लिहिलेले ते अक्षर लागत नाही. म्हणून आठवीच्या दोन मुलींना मी पहिले पान मोठ्याने वाचून मराठीत सांगितले. पुढची पाने त्यांना दिली नाहीत. रक्त आणि गल्लीतले प्रसंग पाहता सोळा-सतरा वर्षांच्या आतल्या मुलांच्या हाती हे पुस्तक देऊ नये, आणि शाळेच्या वाचनपेटीतही मी ते ठेवलेले नाही. पहिले पान ऐकून त्यातली एक म्हणाली, "सर, रेल्वेवाल्याला सगळं दिसते, पण त्याच्याकडे काहीच नाही." ती वही घेऊन बसली आणि तिने एसटीच्या खिडकीतून दिसणारा आमच्या गावचा फाटा काढला, नुसत्या काळ्या शाईने, विजेच्या खांबाखालचा उजेड कोरा सोडून.