३१, टोड लेन : रॉचडेलच्या विणकरांचे दुकान

इंग्लंडच्या कापडगिरण्यांच्या गावांचा इतिहास पाहायला निघालेला माणूस साधारणपणे उंच धुराडी, वाफेची इंजिने आणि मागांच्या लांबच लांब रांगा मनात धरून निघतो. लँकेशायरमध्ये तसे पाहण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते पाहावेही. परंतु त्या गावांतील माणसे काय खात होती, कोणाची देणेकरी होती आणि आपल्या हाती थोडी सत्ता यावी म्हणून त्यांनी काय केले, हे ज्याला जाणून घ्यायचे आहे, त्याने मँचेस्टरच्या उत्तरेला असलेल्या रॉचडेलमधील पायोनियर्स संग्रहालयापासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे. येथे इंजिन नाही आणि मागही नाहीत. अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या विटांच्या एका वखारीच्या तळमजल्यावर कामगारांनी सहकारी तत्त्वावर चालवलेले एक किराणा दुकान आहे, आणि ते दुकान हेच या संग्रहालयाचे सर्वस्व आहे.

मँचेस्टरच्या व्हिक्टोरिया स्थानकावरून रेल्वेने रॉचडेल जवळ आहे. ट्राम थेट गावाच्या मध्यापर्यंत येते, पण तिला वेळ बराच लागतो. ट्रामच्या शेवटच्या थांब्यापासून चालत थोड्याच वेळात टोड लेन येते. नावात बेडूक दिसत असला तरी स्थानिक लोक या नावाचा संबंध त्यांच्या बोलीतील ‘जुनी गल्ली’ या अर्थाच्या शब्दांशी जोडतात. गावाच्या पुनर्रचनेत या रस्त्याचा मोठा भाग नाहीसा झाला आहे. जो तुकडा उरला आहे तो दगडी फरसबंदीचा असून त्याच्या कडेला सेंट मेरीचे चर्च, एक पब आणि हे संग्रहालय उभे आहे. इथवर येणाऱ्याने घाई करू नये, कारण आत शिरण्यापूर्वी या गल्लीची अरुंदी अंगावर आली म्हणजे आतल्या खोलीचा लहानपणा नीट कळतो.

२१ डिसेंबर १८४४ या दिवशी, वर्षातील सर्वांत मोठ्या रात्री, हे दुकान पहिल्यांदा उघडले. ‘रॉचडेल सोसायटी ऑफ इक्विटेबल पायोनियर्स’ या नावाने नोंदलेल्या संस्थेचे २८ सभासद होते आणि प्रत्येकी एक पौंड याप्रमाणे २८ पौंडांचे भांडवल होते. आठवड्याला दोन दोन पेन्स बाजूला टाकून त्यांनी ते महिनोन्महिने जमवले होते. तळमजल्याचे भाडे वर्षाला १० पौंड होते. भाडे आणि डागडुजी भागवून जे उरले त्यातून त्यांनी सुमारे १३ किलो लोणी, २५ किलो साखर, ३०० किलो पीठ, ओटच्या पिठाचे एक पोते आणि थोड्या मेणबत्त्या एवढा माल भरला. त्याची सगळी किंमत १७ पौंडांच्या आत होती. सुरुवातीला दुकान फक्त सोमवारी आणि शनिवारी संध्याकाळी उघडे असे. पहिल्या रात्री दाराच्या फळ्या काढायलासुद्धा आतल्या लोकांचा हात धजेना आणि बाहेर जमलेल्या गिरणीतल्या पोरांनी त्यांची हुर्यो उडवली, अशी आठवण सांगितली जाते.

तळमजल्यावर ते पहिले दुकान पुन्हा उभारलेले आहे: साधे लाकडी सामान, पिंपे, पोती आणि तराजू. दोन मिनिटांत पाहून होईल एवढेच ते आहे, आणि मी तेथे सर्वांत अधिक वेळ थांबलो. माझे वडील कोल्हापूर जिल्ह्यातील आमच्या गावच्या सोसायटीत अनेक वर्षे गटसचिव होते. रोजकीर्द आणि खतावणी यांच्या वासात माझे बालपण गेले. ज्या व्यवस्थेने आमचे घर चालवले तिचे एक मूळ या एका खोलीत आहे, ही गोष्ट पुस्तकातून ठाऊक असणे वेगळे आणि त्या फरशीवर उभे राहून जाणवणे वेगळे.

दुकानाची सुरुवात पिठानेच का झाली, हे समजले तर त्या काळचे रॉचडेल समजते. हे फ्लॅनेल म्हणजे मऊ लोकरी कापड विणणाऱ्यांचे गाव होते. यंत्रमाग आल्यापासून हातमागावरील विणकराची मजुरी घसरत गेली होती, आणि १८४४ च्या सुमारास वेतनवाढीसाठी दिलेला लढा हरल्यानंतर ही माणसे पर्याय शोधत होती. त्यांच्यात सर्व पुरुषांना मताधिकार मागणारे चार्टिस्ट होते, सहकारी समाजाचा पुरस्कार करणाऱ्या रॉबर्ट ओवेनच्या विचारांचे अनुयायी होते, आणि सगळेच विणकर नव्हते. वेगवेगळे धंदे करणारी माणसे त्यांत होती. हाती पडणारी तुटपुंजी मजुरी बाजारात आणखी आटत असे. पिठात खडू किंवा तुरटी मिसळणे, एकदा वापरलेली चहाची पाने वाळवून पुन्हा विकणे, तराजू हलका ठेवणे हे प्रकार त्या काळी इंग्लंडभर चालत. आर्थर हिल हॅसल या डॉक्टरने १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला सूक्ष्मदर्शकाखाली नमुने तपासून ही भेसळ उघडकीस आणली आणि तिच्याविरुद्धचा पहिला सर्वसाधारण कायदा १८६० मध्ये झाला. म्हणजे रॉचडेलच्या माणसांनी शुद्ध पीठ आणि खरे माप देण्याचे ठरवले, तेव्हा भेसळीविरुद्धचा असा सर्वसाधारण कायदा अजून झाला नव्हता. गरिबाच्या मापात पाप करणाऱ्या दुकानदाराला ते सोडूही शकत नव्हते, कारण त्याच्याकडे त्यांची उधारी थकलेली असे. काही ठिकाणी तर मजुरीच मालकाच्या दुकानातील मालाच्या रूपाने दिली जाई. १८३१ च्या कायद्याने ती पद्धत अनेक धंद्यांत बंद करण्याचा प्रयत्न केला, तरी ती लगेच संपली नाही.

या पार्श्वभूमीवर पायोनियर्सचा एक नियम मला फार कठोर आणि तितकाच शहाणा वाटतो. उधार द्यायचे नाही. सगळा व्यवहार रोखीचा. ज्याच्या घरी आठवडा संपण्यापूर्वीच पैसे संपत असत, त्याला हा नियम दार बंद केल्यासारखा वाटला असणार, आणि अगदी हलाखीत असलेली माणसे सुरुवातीला या दुकानापासून दूर राहिली असतील तर त्यात नवल नाही. पण त्याआधीची अनेक सहकारी दुकाने उधारीतच बुडाली होती. पायोनियर्स पहिले नव्हते. टिकलेल्यांत ते अग्रणी ठरले, आणि त्याचे बरेचसे श्रेय या नियमाला आहे.

दुसरे श्रेय लाभांशाच्या रीतीला. भांडवलावर मर्यादित व्याज द्यायचे आणि उरलेली शिल्लक सभासदांनी जेवढी खरेदी केली त्या प्रमाणात त्यांना परत करायची, ही कल्पना चार्ल्स हॉवर्थ याच्या नावाशी जोडली जाते. खरेदीची नोंद राहावी म्हणून सभासदाला धातूचे बिल्ले दिले जात. तिमाहीच्या शेवटी हिशेब होऊन त्याच्या नावावर रक्कम जमा होई. ही रीत परकी वाटावी असे आपल्याकडे काही कारण नाही. आमच्या भागात दूध संस्थेत वर्षभर दूध घालणाऱ्या घराला दिवाळीच्या आधी ‘दूध फरक’ मिळतो, आणि त्याच पैशांतून मुलांचे कपडे येतात. तेथे दूध घातल्याच्या प्रमाणात, येथे पीठ घेतल्याच्या प्रमाणात, तत्त्व एकच. इंग्लंडच्या कामगार घरांत पुढे कित्येक पिढ्या या लाभांशावर पोरांचे बूट आले, आणि आईचा सभासद क्रमांक मुलांना आयुष्यभर तोंडपाठ राहिला.

संग्रहालयाच्या उरलेल्या दालनांत सहकाराची पुढील कथा मांडलेली आहे. ती वाचत जाताना दोन गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे, असे मी सुचवीन. पहिली स्त्रियांची. भांडवल कितीही असो, एका सभासदाला एकच मत, आणि ते मत देताना स्त्री व पुरुष हा भेद नाही, असे या संस्थेचे धोरण होते. विवाहित स्त्रीच्या स्वतःच्या कमाईवर तिचा हक्क मान्य करणारा कायदा इंग्लंडमध्ये १८७० साली आला, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या धोरणाचे वजन कळते. दुसरी गोष्ट शिक्षणाची. १८५० च्या दशकात संस्थेने शिलकीचा अडीच टक्के भाग शिक्षणासाठी राखून ठेवण्यास सुरुवात केली, आणि त्यातून ग्रंथालय व वर्तमानपत्रांचे वाचनालय चालवले. ज्या माणसांना बालपणीच कामाला लागावे लागले, त्यांनी मिळालेल्या नफ्यातून पहिल्यांदा पुस्तके घ्यावीत, हे मला आजही हलवून जाते. मूळ सभासदांपैकी १३ जणांचे १८६५ मधील एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यातले चेहरे थकलेले, पण ताठ आहेत.

मात्र पायोनियर्सची कथा जगभर सांगितली जाते तेव्हा तिचा एक अवघड भाग अनेकदा गाळला जातो, आणि जाणत्या प्रेक्षकाने तो सोबत घेऊन जावा. दुकानाला यश आल्यावर याच मंडळींनी १८५४ मध्ये सहकारी कापड उत्पादन संस्था काढली आणि ‘मिचेल हे’ (Mitchell Hey) या ठिकाणी गिरणी उभारली. तेथे नफ्यातला वाटा भागधारकांप्रमाणे कामगारांनाही मिळत असे. गिरणी चांगली चालली, तसे बाहेरचे भागधारक वाढले, आणि १८६२ मध्ये त्यांनी मतांच्या बळावर कामगारांचा वाटा रद्द केला. मूळच्या पायोनियर्सपैकी काहींनी विरोध केला, पण ते अल्पमतात होते. सभासदत्व कोणाच्या हाती जाते यावर संस्थेचा आत्मा टिकतो की नाही हे ठरते, आणि ज्यांनी आपल्या जिल्ह्यातील साखर कारखान्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा पाहिल्या आहेत, त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. त्याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापूस येणे थांबून लँकेशायरवर उपासमार ओढवली. १८६१ ते १८६५ या वर्षांत गिरण्यांत जो हिंदी कापूस आला, त्याला तेथे सरसकट ‘सुरत’ म्हणत. त्याचा धागा आखूड होता, तो वारंवार तुटे, आणि नगावर मजुरी घेणाऱ्या कामगाराची कमाई त्याबरोबर तुटे. इकडे मुंबईत त्याच काळात कापसाच्या भावाने पैशाचा पूर आला आणि १८६५ मध्ये तो ओसरताच अनेक पेढ्या बुडाल्या. रॉचडेलचे दुकान त्या वर्षांतही उघडे राहिले.

मराठी वाचकाला या इमारतीशी जोडणारा एक धागा फारसा परिचित नाही, म्हणून तो येथे नोंदवतो. रॉचडेलच्या नियमांतून आंतरराष्ट्रीय सहकारी संघाने १९३७ मध्ये सहकाराची तत्त्वे पहिल्यांदा औपचारिकपणे मांडली. पुढे त्यांचा फेरविचार करण्यासाठी जो आयोग नेमला गेला, त्याचे अध्यक्ष पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ प्रा. द. गो. कर्वे होते. त्या आयोगाच्या शिफारशींवरून १९६६ मध्ये तत्त्वे नव्याने ठरली. भारतातील सहकाराचा १९०४ चा कायदा जर्मनीतील ग्रामीण पतसंस्थांचा नमुना समोर ठेवून झाला, त्यामुळे आपल्या गावोगावच्या सोसायट्यांचे थेट घराणे रॉचडेलचे आहे असे म्हणणे बरोबर होणार नाही. परंतु १९४८ मध्ये मुंबईतील नायगावला गिरणीकामगारांच्या वस्तीत सुरू झालेल्या अपना बाजारचे या दुकानाशी नाते अगदी उघड आहे. दोन्हीकडे कापडगिरण्यांचे गाव आहे आणि दोन्हीकडे प्रश्न रास्त भावात खऱ्या मालाचा आहे.

इमारतीचे स्वतःचे नशीबही सांगण्यासारखे आहे. सभासदांची संख्या १८६० पर्यंत ३,४५० झाली, दुकान अपुरे पडू लागले आणि १८६७ मध्ये संस्था टोड लेनवरच बांधलेल्या मोठ्या इमारतीत गेली. ही जुनी जागा दुसऱ्यांच्या हाती गेली. १९२५ मध्ये सहकारी चळवळीने ती परत विकत घेतली आणि १९३१ मध्ये संग्रहालय म्हणून खुली केली. आता ती सहकारी वारसा जपणाऱ्या न्यासाकडे आहे. मोठी इमारत अधिक भव्य होती. तरीही जपण्यासाठी त्या लोकांनी लहान जागा निवडली, हा निर्णय मला योग्य वाटतो.

पाहायला दीड तास पुरेसा आहे. फलक सावकाश वाचणाऱ्याने दोन तास धरावेत. लहान मुलांना दुकानाचा भाग आवडेल, वरचा मजकूर त्यांच्यासाठी जड आहे. यंत्रे पाहण्याची हौस असलेल्यांनी ही भेट हेल्मशोअर किंवा बर्नलीच्या गिरणी-संग्रहालयाला जोडून घ्यावी. निघण्यापूर्वी उघडण्याचे वार आणि वेळा पाहून घ्याव्यात, कारण अशी लहान संग्रहालये रोज उघडी असतातच असे नाही. परतताना रॉचडेलच्या १८७१ मधील नगर सभागृहापाशी अवश्य थांबावे. त्याचा मूळ मनोरा १८८३ मध्ये आगीत गेला आणि आजचा मनोरा वास्तुविशारद अल्फ्रेड वॉटरहाउसच्या आराखड्याप्रमाणे १८८७ मध्ये उभा राहिला. गिरण्यांच्या पैशातून गावाने आपले वैभव कसे मिरवले ते तेथे दिसते, आणि टोड लेन पाहून आल्यावर ते अधिक नीट दिसते.

माझे वडील आता थकले आहेत, त्यांना इतका प्रवास झेपणार नाही. मी त्यांना फोनवर पहिल्या दिवसाच्या मालाची यादी वाचून दाखवली. त्यांनी प्रत्येक जिन्नसाचे वजन पुन्हा विचारून घेतले, आणि मग पहिल्या तिमाहीची शिल्लक किती निघाली, असे विचारले.