श्री जया आणि एच-२२६ साबुकंदाचं बेणं: मुळशी, धायरी, सासवड तिन्हीकडे लावून मग लिहितेय

साबुकंद म्हणजे कसावा, कोणी टॅपिओका म्हणतं, केरळी लोक कप्पा म्हणतात, आपला उपासाचा साबुदाणा ज्याच्या पिठापासून होतो तो कंद. मागच्या मे महिन्यात दोन जातींचं बेणं घेतलं होतं, एक जात जानेवारीत काढली, दुसरी एप्रिलमध्ये, सगळी वजनं वहीत आहेत म्हणून आत्ता रिव्ह्यू टाकतेय. नुसती उगवण बघून या पिकाचं काहीच सांगता येत नाही.

आधी वाईट अनुभव सांगते. पहिल्यांदा मी ऑनलाइन एका विक्रेत्याकडून २० कांड्या मागवल्या, वर्णनात 'जास्त उत्पन्न देणारा हायब्रीड' एवढंच, जातीचं नाव कुठंच नाही. पार्सल आलं तेव्हाच हाताला हलकं लागलं. कांडी ताजी आहे का ते बघायला सालीवर नख मारायचं, पांढरा चीक आला तर जिवंत, यांच्यातल्या निम्म्यांना चीकच नव्हता. सहा उगवल्या आणि त्यांची पानं वाकडीतिकडी, हिरव्यात पिवळे चट्टे, म्हणजे मोझॅक. हा व्हायरस पांढरी माशी पसरवते आणि बेण्यातून पण येतो, त्यामुळे मी सगळी उपटून जाळली, पैसे गेले ते गेले. म्हणून सांगते, जातीचं नाव आणि बेणं कुठल्या प्लॉटवरचं ते विचारल्याशिवाय घेऊ नका.

मग आमच्या वरच्या मजल्यावरचे केरळी काका गावी निघाले होते, त्यांना विनंती केली, त्यांनी तिरुवनंतपुरमला श्रीकार्यमची केंद्रीय कंदपिके संशोधन संस्था आहे ना, १९६३ सालची, तिथून श्री जया आणि एच-२२६ आणून दिल्या. ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या, प्रत्येक जुडीला जातीची चिठ्ठी. उगवण जवळजवळ सगळी. पॅकिंग आणि बेण्याच्या क्वालिटीला माझ्याकडून पूर्ण मार्क.

आता मुद्दा. माझं माहेर मुळशीत पौडजवळ, सासर सासवडला आणि आम्ही राहतो धायरीत, बिल्डिंगमागे थोडी मोकळी जागा आहे. पुणे जिल्हा एकच पण पौडला पावसाळ्यात रस्ता दिसत नाही इतका पाऊस, माती तांबडी, आणि सासवडला मुरमाड रान, ढग वरून निघून जातात. मी प्रत्येक ठिकाणी दोन्ही जातींची आठ आठ झाडं लावली, वीतभर कांडी, डोळे वरच्या बाजूला, तीन तीन फुटांवर. माहेरी मुळशीत दादाने पहिल्यांदा सपाट जमिनीत लावली होती, जूनमध्ये पाणी तुंबून पाच कांड्या कुजल्या, मग वरंबे करून परत लावल्या. घुशींनी दोन झाडं नेली ती हिशोबात धरली नाहीत.

श्री जया १९९८ ची, सहा-सात महिन्यांत तयार होणारी. एच-२२६ ही १९७१ ची, दहा महिने घेते, तमिळनाडूत सेलमकडे साबुदाण्यासाठी हीच भरपूर लावतात आणि कागदावर हिचं उत्पन्न जयापेक्षा जास्त आहे. माझ्याकडे झाडामागे सरासरी असं आलं: जया मुळशीत २.४ किलो, धायरीत २.१, सासवडला १.८. एच-२२६ मुळशीत ३.६, धायरीत २.३ आणि सासवडला १.१.

तिन्हीची सरासरी काढली तर २२६ पुढे आहे, जया २.१ आणि ती २.३ च्या वर. पण सासवडला आमच्या अण्णांना त्या सरासरीचा काय उपयोग, त्यांच्या रानात तर ती निम्म्यावर आली ना!

ते एप्रिलचं दृश्य डोळ्यासमोरून जात नाही. अण्णांनी पहारीनं बुडखा सैल केला, दोघांनी मिळून झाड ओढलं आणि खाली बोटाएवढी जाड मुळं, दोनच कंद जरा बरे, कापताना सुरीला धागे लागत होते. अण्णा काही बोलले नाहीत, कंदाची माती झाडत बसले. जानेवारीत त्याच ओळीतल्या जयाच्या प्रत्येक झाडाला मनगटाएवढे चार-पाच कंद निघाले होते. आणि पौडला दादानं २२६ चा एक कंद काट्याला लावला तो नुसताच माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब.

कारण साधं आहे. फेब्रुवारीनंतर अण्णांचं सगळं पाणी अंजिराला जातं आणि ते बरोबरच आहे, घर त्याच्यावर चालतं. जयानं तोपर्यंत कंद भरून घेतलेले असतात, २२६ चे शेवटचे महिने कोरडे गेले. दादाच्या विहिरीला मार्चपर्यंत पाणी होतं म्हणून तिथे तिनं कमाल केली.

मी शिवाजीनगरच्या ॲग्री कॉलेजची, आता नोकरी बँकेत आहे पण प्लांट ब्रीडिंगचा पेपर अजून आठवतो. एबरहार्ट आणि रसेल यांची १९६६ ची पद्धत, प्रत्येक ठिकाणी सगळ्या जातींची मिळून सरासरी काढायची, ती त्या जागेची ताकद समजायची आणि मग ती ताकद वाढेल तसं प्रत्येक जातीचं उत्पन्न कसं बदलतं त्याची रेघ मारायची. रेघ उभी चढली तर ती जात चांगल्या रानाची, पाणी-खत असलं की उसळते आणि नसलं की बसते. रेघ मध्यम आणि ठिपके रेघेला चिकटून असले तर ती जात भरवशाची. तेव्हा ते फक्त मार्कांसाठी पाठ केलं होतं, या वर्षी माझ्याच वहीत रेघा मारल्यावर कळलं की यात एका शेतकऱ्याचं अख्खं वर्ष असतं. तीन जागा, एक वर्ष आणि दोन जाती एवढ्यावर काही सिद्ध होत नाही हे मला माहितीये, खऱ्या ट्रायल अनेक ठिकाणी अनेक वर्षं चालतात, दापोलीच्या कृषी विद्यापीठात पण देशपातळीवरच्या कंदपीक प्रकल्पाचं केंद्र आहे.

आणि कसावात हे काम किती सावकाश होतं बघा. क्रॉस करून बी धरलं तर प्रत्येक बीचं झाड वेगळं, त्यातलं चांगलं निवडायचं आणि मग कांड्यांनी वाढवायचं, एका झाडाच्या जेमतेम दहाएक कांड्या होतात आणि पुढचं पीक यायला परत वर्ष. चार गावांत ट्रायल लावण्याइतकं बेणं व्हायलाच काही वर्षं जातात, जात बाहेर पडेपर्यंत आठ-दहा वर्षं सहज. एवढं करून कोणीतरी ही जात कमी पावसात पण दगा देणार नाही असं शोधून ठेवतं आणि आपल्यापर्यंत ती बिननावाच्या पार्सलमधून यावी, याचा मला खरंच त्रास होतो. बेणं विकणाऱ्या प्रत्येकानं जातीच्या नावाबरोबर किती महिन्यांची आणि कोणत्या रानाला चालते एवढं लिहिलंच पाहिजे.

चवीचं थोडक्यात. जया शिजायला मऊ, सालं काढून तुकडे करून भरपूर पाण्यात उकळायचे आणि ते पाणी फेकून द्यायचं, कच्चा कंद कधीही खायचा नाही, त्यात सायनाइड तयार करणारा घटक असतो. सासूबाईंनी एकादशीला उकडून वर तूप-जिरं आणि दाण्याचं कूट घालून केलं. इतकी वर्षं साबुदाणा भिजवतेय आणि तो जमिनीतून निघतो हे आज बघतेय, असं म्हणाल्या. २२६ भाजीला जरा राठ, पिठासाठी ठीक. काढल्यावर दोन दिवसांत संपवा नाहीतर सोला आणि फ्रीजरमध्ये टाका, मी तिसऱ्या दिवशी कापला तर आत निळ्या-काळ्या रेषा आल्या होत्या.

श्री जयाला साडेचार स्टार. एच-२२६ ला मुळशीसारख्या ठिकाणी शेवटपर्यंत पाणी असेल तर चार, सासवडसारख्या ठिकाणी दीड. ज्यांच्याकडे मोझॅकचा त्रास आहे त्यांनी श्री पद्मनाभ बघा, तिचं मूळ नायजेरियातल्या आयआयटीए या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थेकडचं आणि ती मोझॅकला दाद देत नाही, मी अजून लावलेली नाही, काकांना यंदा आणायला सांगितलंय.

जयाचे दांडे जानेवारीतच अंजिराच्या सावलीत उभे करून ठेवले होते, जास्त दिवस राहणार नाहीत म्हणून मार्चमध्ये धायरीत कुंड्यांमध्ये लावून घेतले. सासवडला यंदा सोळाही झाडं जयाची, अण्णांनी स्वतः सांगितलं. दादा मात्र २२६ सोडायला तयार नाही आणि त्यानं ती सोडू पण नये.