सस्पेन्शनच्या नावाखाली 28,000 रुपयांना गंडा

माझ्या मोटारसायकलच्या फोर्कमध्ये (पुढच्या चाकाच्या शॉकअपमध्ये) कार्ट्रिज इम्युलेटर (ऑईलचा प्रवाह आवरणारा व्हॉल्व्ह) 9,500, वजनाप्रमाणे नवीन स्प्रिंगा 6,200, ऑईल आणि सील 1,800, मागच्या शॉकअपचं व्हॉल्व्हिंग (आतल्या व्हॉल्व्हची जुळणी) आणि नायट्रोजन 7,500, मजुरी 3,000. एकूण 28,000 रुपये. यातलं खरं निघालं फक्त ऑईल, आणि तेही भलतंच जाड.

गाडी एक्सपल्स 200. पुढं 190 आणि मागं 170 मिलिमीटर ट्रॅव्हल (चाक वरखाली व्हायला मिळणारी जागा), कंपनीचं काम वाईट नाही. पण जांबोटी-कणकुंबीकडच्या खडकाळ वाटांवर माझ्यासारखा वजनदार माणूस सामान बांधून बसला, की फोर्क खाली आपटतो. म्हणजे ही हौस नव्हती, गरज होती. आपल्या बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर वाट्टेल ते करून देणारे कारागीर आहेत, पण शॉकअपच्या आतलं काम करणारा मला कुणी सापडला नाही. म्हणून सीमेपलीकडं महाराष्ट्रात, चंदगड तालुक्यात ‘रॅलीच्या गाड्या करतो’ म्हणणाऱ्या एकाकडं गेलो. रिबाउंड, कॉम्प्रेशन, सॅग, सस्पेन्शनचे सगळे शब्द त्याला तोंडपाठ. एवढं जाणणारा माणूस लबाडी करेल असं कुणाला वाटेल? 18,000 त्यानं आधी ऑनलाइन घेतले, तेही ‘मेहुण्याच्या’ खात्यावर. आपल्याकडं कितीतरी गॅरेजं अशीच चालतात, त्यात मला काही वेगळं दिसलं नाही. उरलेले 10,000 गाडी नेताना रोख.

तीच वेळ आठवली की अजून डोकं भणभणतं. शॉकअप रंग मारून चकचकीत केलेला. मी त्यावरून बोट फिरवत विचारलं, “मामा, नायट्रोजन भरलाय म्हणता, मग वॉल्व्ह कुठाय?”

“आतून हाय की ओ. भाईर ठेवला की दगड लागतोय.”

अहो, बंद शॉकअपमध्ये गॅस भरायचा तर बाहेरून वाट नको? त्याचं खोटं तिथंच उघडं पडलं होतं! पण बाहेर मुसळधार पाऊस, गाडी जोडून तयार आणि समोर माझ्या काकांच्या वयाचा माणूस. अशा वेळी त्याला तोंडावर खोटं पाडायला हवं होतं म्हणणाऱ्यांनी स्वतः तिथं उभं राहून बघावं. जुन्या स्प्रिंगा मागितल्या, तर म्हणे भंगारात गेल्या. जुना माल हातात पडल्याशिवाय शेवटचा पैसा सोडू नका.

पुढं चोर्ल्याच्या बाजूला खडबडीत उतारावर फोर्क दबेना आणि सील फुटून ऑईल डिस्कवर आलं. पुढचा ब्रेक लागेना. जिवावर बेतलं होतं, नुसत्या पैशांची गोष्ट नाही ही.

बेळगावात फोर्क उघडला. कंपनीच्याच स्प्रिंगा, वर पीव्हीसी पाइपचे कापलेले तुकडे! इम्युलेटर बसवताना डॅम्पर रॉडची (फोर्कच्या आतल्या, ऑईल जाणाऱ्या नळीची) भोकं मोठी करावी लागतात. ती जशीच्या तशी होती. पाइपचा तुकडा घालून प्रीलोड (स्प्रिंगवर आधीपासूनचा दाब) वाढतो, गाडी उंच होते, स्प्रिंगची ताकद तीच राहते. वर ऑईल इतकं ओतलेलं, की आत हवेला जागा नाही. काम देण्याआधी स्प्रिंगवर खूण करून फोटो काढा. फोर्कला केबल टाय बांधून सॅग (वजनानं फोर्क किती दबतो ते) मोजा: तुम्ही बसल्यावर ट्रॅव्हलचा साधारण तिसरा हिस्सा, म्हणजे या गाडीला साठेक मिलिमीटर, दबला पाहिजे. माझा जेमतेम वीस दबत होता.

पोलिसांकडं गेलो. इकडचे म्हणाले, काम महाराष्ट्रात झालं, तिकडं जा. तिकडचे म्हणाले, पैसे बेळगावातून गेले, तुम्ही कर्नाटकचे. इकडं मराठीत लिहिलेला अर्ज परत दिला, कन्नडमध्ये आणा म्हणून. लिहून नेला, तर ‘हा दिवाणी वाद आहे’. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन केला, तर पैसे तुम्ही राजीखुशीनं दिलेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार हद्दीबाहेरच्या गुन्ह्याचीही माहिती नोंदवून घ्यायची असते. हे सांगितलं तर साहेब माझ्याकडंच संशयानं बघायला लागले. सीमेवर राहतो हाच जणू आमचा गुन्हा. कर भरताना कुणी हद्द विचारत नाही!

शेवटी ग्राहक आयोगाची वाट धरली. 2019 च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि 5 लाखांपर्यंत फी नाही. पक्कं बिल नाही, म्हणून ऑनलाइन पैसे दिल्याची नोंद, दराचे मेसेज आणि फोर्क उघडतानाचा व्हिडिओ जोडलाय. त्या भागात कुणी असं काम करून घेतलं असेल, तर फोर्क एकट्यानं उघडू नका, शूटिंग करा आणि मला कळवा. आयोगाच्या परवानगीनं एकत्र तक्रार करता येते.