एलझेड डिटेक्टर: कृष्ण पदार्थ शोधणाऱ्या यंत्राचे परीक्षण

कृष्ण पदार्थाचा, म्हणजे फक्त गुरुत्वाकर्षणावरून जाणवणाऱ्या अदृश्य द्रव्याचा, एकही कण ज्याच्या हाती लागलेला नाही, त्या यंत्राला उत्तम म्हणणे अनेकांना रुचणार नाही. पण एलझेडचे प्रसिद्ध झालेले निकाल वाचून माझे मत तेच झाले आहे. अमेरिकेतील साउथ डकोटा राज्यात, होमस्टेक या बंद पडलेल्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली सुमारे दीड किलोमीटरवर हा डिटेक्टर बसवला आहे. वरच्या खडकामुळे वैश्विक किरणांचा मारा लाखो पटींनी कमी होतो.

यंत्राच्या गाभ्यात 7 टन द्रवरूप झेनॉन आहे. एखादा कण झेनॉनच्या अणूवर आदळला की क्षणभर प्रकाश चमकतो आणि काही इलेक्ट्रॉन सुटे होतात. विद्युत क्षेत्र त्यांना वर खेचते आणि द्रवावरच्या वायूत शिरताच ते दुसरी, अधिक ठळक चमक निर्माण करतात. वर आणि खाली लावलेल्या 494 प्रकाशसंवेदी नलिका दोन्ही चमका टिपतात. त्यांच्यातील वेळेच्या अंतरावरून टक्कर किती खोलीवर झाली हे कळते आणि त्यांच्या प्रमाणावरून धक्का इलेक्ट्रॉनला बसला की अणुकेंद्राला, हे बऱ्याच खात्रीने ओळखता येते. कृष्ण पदार्थाचा कण अणुकेंद्राला धक्का देईल अशी अपेक्षा आहे. न्यूट्रॉनही तसाच धक्का देतो, म्हणून भोवती न्यूट्रॉन टिपण्यासाठी गॅडोलिनियम हा धातू मिसळलेल्या द्रवाचे आणखी एक कवच ठेवले आहे. चिवट त्रास उरतो तो रेडॉन या किरणोत्सारी वायूचा, कारण तो यंत्राच्याच सुट्या भागांतून आणि धुळीतून झिरपत राहतो.

मला सर्वांत भावली ती विश्लेषणातील शिस्त. 2024 मध्ये जाहीर झालेल्या 280 दिवसांच्या निकालासाठी माहितीत मुद्दाम खोटे संकेत मिसळले होते आणि ते कोणते, हे विश्लेषण पुरे होईपर्यंत अभ्यासकांपासून लपवून ठेवले होते. ते वगळल्यावर कृष्ण पदार्थाची खूण उरली नाही. इतक्या काटेकोरपणे मिळालेला नकार मला घाईच्या दाव्यापेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो.

मात्र या यंत्राची खरी ताकद प्रोटॉनच्या साधारण दहापट किंवा त्याहून जड कणांपुरती आहे. फार हलक्या कणांसाठी जर्मेनियम किंवा सिलिकॉनचे स्फटिक वापरणारे डिटेक्टर अधिक योग्य ठरतात. शिवाय सूर्याकडून येणारे न्यूट्रिनो हे अतिशय हलके कण झेनॉनच्या अणुकेंद्रांना हुबेहूब तसाच धक्का देतात, त्यांना कोणताही खडक अडवत नाही, आणि झेनॉनएनटी व पांडाएक्स-4टी या झेनॉनच वापरणाऱ्या दुसऱ्या प्रयोगांना 2024 मध्ये त्यांची पहिली चिन्हे दिसलीही आहेत. तेव्हा पुढच्या डिटेक्टरमध्ये नुसते झेनॉन वाढवून भागणार नाही.